डिकी, फवारा आणि मोठेबाबा

दिवाळीहून परत आलो तरी नखांच्या कडेला लाल रंग अजून आहे. ऑफिसात एकानं विचारलंच, "काय हो, यंदा होळी आधी आणि दिवाळी नंतर का?" म्हटलं, तसंच समजा.

तर झालं असं. आमचं गाव हिवरखेड. (अकोला जिल्ह्यातलं, तेल्हारा तालुक्यातलं. मोर्शीजवळचं हिवरखेड वेगळं. हे दरवेळी सांगावं लागतं, म्हणून आधीच सांगून मोकळा होतो.) बाबांची मोटरसायकल अजून ओसरीत उभी असते. हिरो होंडा स्प्लेंडर, १९९६ साली घेतलेली. बाबा मास्तर, त्यामुळे गाडीला दोन्ही बाजूंना डिक्या. एकीत वह्या, दुसरीत भाजीपाला, आणि परीक्षेच्या दिवसांत दोन्हींत वह्या. बाबा गेल्यावर गाडी धाकट्या भावाकडे आली. गेल्या पावसाळ्यात तो चिखलात घसरला. त्याला काही झालं नाही, पण एका डिकीचं झाकण फुटलं. अकोल्याहून त्यानं नवं झाकण आणलं, काळं कुळकुळीत. एक डिकी विटकी लाल, दुसरी काळी. आईला ते बघवेना. ती म्हणे, एका पायात चप्पल अन् एका पायात बूट घातल्यासारखं दिसते.

मी पुण्यात राहून शहाणा झालेला. म्हटलं, यात काय आहे, दोन डबे स्प्रे पेंट आणतो आणि अर्ध्या तासात करून टाकतो.

मे महिन्यात गेलो, ते डबे घेऊनच. अंगणात धूळ उडत होती, म्हणून मागच्या खोलीत दार-खिडकी लावून बसलो. दोन्ही झाकणं पुसली, डबा खळखळ हलवला आणि मारला फवारा. निकाल असा : रंग गुळगुळीत बसण्याऐवजी हाताला रवाळ लागत होता, जणू वर कुणी रांगोळी भुरभुरवली आहे. काही ठिकाणी जवळून मारला तिथे ओघळ. काही ठिकाणी संत्र्याच्या सालीसारखे बारीक खळगे. (रंगकामाच्या इंग्रजीतही या दोषाला संत्र्याची सालच म्हणतात. वऱ्हाडातल्या माणसाला हे वेगळं शिकवायला नको.) आणि मी दोन तास त्या कोंदट खोलीत बसलो होतो, त्यामुळे रात्रभर खोकला.

पहाटे आई पाणी घेऊन आली. रागावली नाही. नुसती खाटेच्या कडेला बसली आणि म्हणाली, "तुह्या मोठ्याबाबानं बी असंच दार लावून रंग मारला होता या डिकीले."

मोठेबाबा म्हणजे बाबांचे थोरले भाऊ. आमच्याकडे थोरल्या काकांना मोठेबाबा म्हणतात. नातेवाईक मंडळींना ते आठवत असतीलच : खांद्यावर दुपट्टा, कानाला अडकवलेली बिडी, आणि हाताच्या रेषांत कायमचा बसलेला रंग. अकोटला त्यांचं रंगाचं दुकान होतं. दुकान म्हणजे टिनाचं शेड, एक कॉम्प्रेसर आणि भिंतीवर शेकडो रंगांचे शिंतोडे. ट्रॅक्टर, ट्रॉली, जीप, लोखंडी कपाट, लग्नातलं आलमारीचं आंदण, जे येईल ते रंगवायचे. ट्रॉलीच्या मागे 'श्री गजानन प्रसन्न' लिहायला मात्र फवारा वापरत नसत. ते ब्रशनंच.

मी लहानपणी सुट्टीत तिथे जायचो. तेव्हाचा तो गोड, डोक्यात जाणारा थिनरचा वास मला अजून आवडतो, हे कबूल करतो. त्या वासानं पुढे काय केलं ते कळायला फार वर्षं लागली.

खोकला थांबल्यावर मी वाचायला लागलो. एका डिकीसाठी एवढं कशाला, असं तुम्ही म्हणाल. पण मला दोन प्रश्न सोडवायचे होते. पहिला, माझा रंग का फसला? दुसरा, मोठेबाबा ज्या फवाऱ्यावर जगले तो फवारा आला कुठून?

दुसऱ्याचं उत्तर मजेशीर आहे. रंगाची गन मूळची घशाच्या औषधाची! अमेरिकेत ओहायो राज्यात टोलेडो गावी डॉ. ॲलन डीव्हिल्बिस नावाचे घशाचे डॉक्टर होते. रोग्याच्या घशात औषध नीट पोचावं म्हणून त्यांनी रबरी फुग्यानं दाबायचा फवारा बनवला आणि १८८८ साली त्याची कंपनी काढली. त्यांच्या मुलानं, टॉमनं, तेच तत्त्व रंगाला लावलं आणि १९०७ च्या सुमारास रंगाची गन तयार झाली. म्हणजे बापानं घसा बरा करायला जे काढलं, त्यातून मुलाच्या हातून जे निघालं त्यानं पुढे कितीतरी रंगाऱ्यांचे घसे धरले. यात कुणाचा दोष नाही. पण ही गोष्ट वाचली तेव्हा मी थोडा वेळ पुस्तक मिटून बसलो.

नुसती गन असून भागत नव्हतं. रंगही तसा हवा. जुना तेलाचा रंग वाळायला दिवसचे दिवस घ्यायचा. मोटारीला एकावर एक हात द्यायचे, प्रत्येक हात वाळू द्यायचा, घासायचा, यात आठवडे जायचे. १९२३-२४ च्या सुमारास ड्यूपाँट कंपनीनं नायट्रोसेल्युलोजचा झटपट वाळणारा रंग आणला, नाव 'ड्युको'. जनरल मोटर्सनं १९२४ च्या ओकलंड गाडीवर त्याचा निळा रंग दिला, आणि आठवड्यांचं काम तासांवर आलं. हा रंग इतक्या लवकर वाळतो की ब्रशचा दुसरा फटका मारेपर्यंत पहिला ओढला जातो. म्हणून तो फवाऱ्यानंच मारायचा. गन आणि ड्युको, दोघांची जोडी तिथे जमली. आपल्याकडेही 'ड्युको मारून घे' हा वाक्प्रचारच झाला. मोठेबाबा तर कुठल्याही कंपनीच्या रंगाला डुकोच म्हणत.

आता गंमत पहा. हे नायट्रोसेल्युलोज बनतं कशापासून? कापसापासून. जिनिंगमध्ये रुई निघाल्यावर सरकीला जे आखूड तंतू चिकटून राहतात, ते शुद्ध सेल्युलोज. त्यावर नायट्रिक आणि सल्फ्युरिक आम्लाची प्रक्रिया केली की नायट्रोसेल्युलोज. त्याच्याच जास्त तिखट भावाला गनकॉटन म्हणतात, म्हणजे स्फोटक. ज्या वऱ्हाडात घरोघरी कापूस, तिथल्या माणसानं जन्मभर गनमधून कापूसच उडवला आणि त्याला पत्ता नाही. मोठेबाबांना हे सांगायला हवं होतं. ते म्हणाले असते, "मंग भाव कायले देत नाही बे कापसाले?"

भारतातल्या रंगाचा इतिहासही मुंबईशी बांधलेला आहे. लोअर परळला १९२० साली गहागन पेंट्स निघाली, तीच पुढे गुडलास नेरोलॅक झाली. १९४२ साली, महायुद्धाच्या धामधुमीत, चार मित्रांनी मुंबईत एशियन पेंट्स सुरू केली. हातात ब्रश घेतलेला तो खोडकर गट्टू १९५४ साली आर. के. लक्ष्मण यांनी काढला. मोठेबाबांच्या शेडमध्ये गट्टूचं पत्र्याचं चित्र टांगलेलं होतं. त्याच्या गालावर सगळ्या रंगांचे शिंतोडे उडालेले. गट्टूच्या हातात ब्रश आणि त्याच्यावर उडतोय फवारा!

बरं, माझ्या हातात जो डबा होता, तो कुणाचा? नॉर्वेच्या एरिक रोथाईम यांनी १९२० च्या दशकात दाबाखालच्या डब्याची कल्पना मांडली. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैनिकांसाठी डास मारायचे असे डबे निघाले. आणि १९४९ साली इलिनॉय राज्यातल्या सिकामोर गावी एडवर्ड सीमोर यांनी त्यात रंग भरला. त्यांना घरातल्या रेडिएटरला मारायचा ॲल्युमिनियमचा रंग लोकांना दाखवायचा होता. डब्यात भरून दाखवा की, ही सूचना त्यांच्या पत्नीची, असं सांगतात. डबा हलवला की आत जी गोळी खळखळते, ती तळाशी बसलेला रंग ढवळायला. पूर्वी या डब्यांत ओझोनला भोक पाडणारा वायू असायचा. १९८७ च्या माँट्रियल करारानंतर तो हळूहळू गेला, आणि आता बहुतेक डब्यांत आपल्या स्वयंपाकाच्या गॅसचाच भाऊबंद असतो. म्हणजे मी मे महिन्यात बंद खोलीत बसून जवळजवळ गॅस सोडत होतो. शेजारच्या खोलीत आईचा चुलीवर चहा चालला होता. हे कळलं तेव्हा अंगावर काटा आला.

आता पहिला प्रश्न. माझा रंग का फसला?

रवाळपणाचं कारण तर अकोल्याचा मे. आमच्याकडे पारा पंचेचाळीसच्या वर जातो. फवाऱ्यातला थेंब झाकणावर पोचायच्या आत हवेतच वाळतो आणि पावडर होऊन पडतो. हे समजलं. पण आठवड्याभरात आणखी एक प्रकार झाला. भावाचा फोन आला, "दादा, नव्या झाकणाचा रंग केळाच्या सालासारखा निघून राह्यला. जुन्याले काही नाही झालं." एकच डबा, एकच दिवस, एकच (अनाडी) हात. मग एकावर बसला आणि दुसऱ्यावर का नाही?

आपण गाडीच्या सगळ्याच प्लास्टिकला 'फायबर' म्हणतो. पण प्लास्टिकला जाती आहेत. मोटरसायकलवर मोठ्या प्रमाणात प्लास्टिक पहिल्यांदा वापरलं ते होंडानं, १९५८ च्या सुपर कबवर. पायापुढची ती पांढरी ढाल पॉलिथिनची होती. आपल्याकडे तेव्हा पत्र्याचा जमाना. १९७२ ची बजाज चेतक म्हणजे पत्राच पत्रा, डिकीसुद्धा पत्र्याची. पोचा पडला तर हातोडीनं ठोकायचा, लांबी भरायची, पाणी पेपरनं घासायचं आणि डुको मारायचा. मोठेबाबांचा धंदा या पत्र्यावर उभा होता. १९८४ ची कायनेटिक होंडा, १९८५ ची हिरो होंडा सीडी १०० आली आणि हळूहळू पत्र्याच्या जागी प्लास्टिक बसायला लागलं. ते ठोकता येत नाही. फुटलं की फेकायचं आणि नवं आणायचं. रंगाऱ्याची अर्धी रोजी तिथे गेली.

गाड्यांवर मुख्यतः दोन जाती दिसतात. एक एबीएस, दुसरी पॉलिप्रॉपिलीन. एबीएसला रंगातलं थिनर किंचित चावतं, त्यामुळे रंग त्यात रुततो. पॉलिप्रॉपिलीन मात्र मेणासारखं. त्यावर पाणी टाकलं तर थेंब गोळा होऊन पळतो, रंगाचंही तेच. त्याला आधी वेगळं प्लास्टिक प्रायमर लागतं, जे एका बाजूनं प्लास्टिकला धरतं आणि दुसऱ्या बाजूनं रंगाला. नव्या मालावर आतल्या बाजूला 'पीपी' किंवा 'एबीएस' असं कोरलेलं असतं. नसेल तर साधी परीक्षा आहे. एक कपचा काढायचा आणि बादलीत टाकायचा. पॉलिप्रॉपिलीन पाण्यापेक्षा हलकं, तरंगतं. एबीएस जड, बुडतं.

भावाला सांगितलं. त्यानं फुटलेल्या जुन्या झाकणाचा एक तुकडा आणि नव्याच्या कडेचा एक कपचा बादलीत टाकला. जुना बुडाला, नवा तरंगला. पाच मिनिटांनी फोनवर आईचा आवाज, "अरे, त्या बादलीतलं पाणी मले भांड्याले पायजे होतं." असो.

दिवाळीला पुन्हा गेलो. या वेळी तयारीनं. सकाळची कोवळी उन्हं, वारा पडलेला, काम उघड्या अंगणात. नव्या झाकणाला साबणानं धुऊन, पाणी पेपर मारून, प्लास्टिक प्रायमर. मग रंगाचे पातळ हात. डबा वीतभर लांब, फवारा झाकणाच्या बाहेर सुरू करायचा आणि बाहेरच थांबवायचा, म्हणजे कडेला ओघळ येत नाही. पहिला हात इतका पातळ की खालचं काळं दिसलं पाहिजे. दहा मिनिटं थांबून दुसरा. घाई हीच यातली एकमेव चूक, बाकी सगळ्या तिच्या पोरी.

आणि तोंडाला मास्क. कोरोनातला उरलेला नव्हे. तो कण अडवतो, थिनरची वाफ अडवत नाही. वाफेसाठी कोळशाचं कार्ट्रिज असलेला मास्क लागतो. गॅरेजवाले जे हार्डनर घातलेले, काचेसारखे चमकणारे रंग मारतात, त्यांत तर आयसोसायनेट नावाची रसायनं असतात. रंगाऱ्यांना धंद्यातून होणाऱ्या दम्याचं हे एक मोठं आणि नीट माहीत असलेलं कारण आहे. (भोपाळला १९८४ साली जो वायू सुटला, तो याच कुळातला.) हे काम घरी करू नये, हे मी इथं स्पष्ट लिहून ठेवतो.

मला मास्क लावलेलं बघून शेजारचे एक काका कुंपणावरून म्हणाले, "काय बावा, कपाशीवर फवारून राह्यला का?" हसलो. पण मग दोघंही गप्प झालो. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून जास्त माणसं गेली. त्या वर्षी कपाशी डोक्याइतकी वाढली होती, फवारा वरून तोंडावर यायचा. नाकाला फार तर दुपट्टा. मोठेबाबाही दुपट्टाच बांधायचे. वऱ्हाडाला फवारा नवा नाही. पंप पाठीवर, गन हातात, पिचकारी पोरांच्या हातात. फवाऱ्यातलं अर्धं समोरच्या वस्तूवर बसतं आणि उरलेलं कुठं जातं, हे मात्र कुणी कधी विचारलं नाही.

आता जुन्या झाकणाबद्दल.

ते घासायला घेतलं तेव्हा आई समोर येऊन बसली. माझा मेमधला रवाळ थर गेला. खाली विटका लाल, मोठेबाबांचा. आई सांगायला लागली. १९९६ चा जून. शाळा उघडायची होती, बाबांना डिक्या गाडीच्या रंगात हव्या होत्या, पाऊस लागलेला. मोठेबाबा म्हणत होते, उघाड पडू दे. बाबांना घाई. मग मागच्याच खोलीत दार लावून, घरच्या छोट्या पंपानं त्यांनी चारही भाग रंगवले. तेव्हाच त्यांना धाप लागायची. बाबा म्हणाले, "दादा, राहू द्या आता." ते म्हणाले, "थांब ना बे, एक हात राह्यला." त्या आठवड्यात त्यांना अकोल्याला दवाखान्यात न्यावं लागलं. त्यानंतर आठ वर्षं ते दम्यासोबत जगले, गेले २००४ साली. बिडीही होती, तीस वर्षांचं थिनरही होतं. एका दुपारवर बोट ठेवता येत नाही. पण बाबांनी ते ठेवलं होतं, हे मला त्या दिवशी कळलं. "तुह्या बाबानं त्या डिक्या कदीच दुसऱ्यांदा रंगवल्या नाही. इटक्या झाल्या तरी," आई म्हणाली.

आम्ही सगळे समजत होतो, मास्तर कंजूस आहेत.

झाकण उलटं केलं. आतून ते मूळचं राखाडी. पण कडेला लाल रंगाचा धुरकट पट्टा, आणि त्या पट्ट्यात चार बोटांची राखाडी जागा. मोठेबाबांनी झाकण डाव्या हातात ताटासारखं धरून कडा मारल्या असणार. फवारा बोटांभोवतून आत गेला, बोटं होती तिथे बसला नाही. चौथं बोट जरा आखूड. ते लहानपणी कडबा कटरमध्ये गेलं होतं, सगळ्यांना माहीत आहे.

इंडोनेशियातल्या सुलावेसी बेटावर एका गुहेत असाच हात आहे. भिंतीवर हात ठेवून तोंडानं रंग फुंकला, आणि हाताचा आकार मागे राहिला. २०१४ साली शास्त्रज्ञांनी त्याचं वय किमान ३९,९०० वर्षं ठरवलं. म्हणजे माणसानं फवारा शोधला तो डॉक्टरच्या, सैन्याच्या, कारखान्याच्या कितीतरी आधी, स्वतःच्याच फुप्फुसाच्या जोरावर.

मी आतल्या बाजूला 'देशोन्नती'चं पान टेपनं नीट चिकटवून घेतलं, कडा दोनदा तपासल्या आणि फक्त बाहेरून रंगवलं. बाहेरचा जुना थर पूर्ण काढला नाही. चांगला धरलेला थर खरवडू नये, त्यावरच नवा बसतो, असं पुस्तकातही लिहिलेलं आहे. पण पुस्तकात नसतं तरी मी तेच केलं असतं.

दोन्ही झाकणं आता एका रंगाची दिसतात. जरा जवळून पाहिलं तर नव्याची लाली थोडी जास्त आहे, पण आई म्हणाली, चालते. निघताना भाऊ मला गाडीवर अकोटपर्यंत सोडायला आला. (२०१७ च्या सुरुवातीला आमची खंडव्याची मीटरगेज बंद पडली, तेव्हापासून गावातून निघायचं ते रस्त्यानंच.) आईनं डिकीत चिवडा, शंकरपाळे आणि ठेच्याची बरणी भरून दिली. झाकण लावताना तिनं क्षणभर आतून हात फिरवला. काही बोलली नाही.

मास्क मी तिथेच ठेवून आलोय, ओसरीत खुंटीवर. भावाला म्हटलं, कपाशीवर फवारायला जाशील तेव्हा हाच लावायचा. तो म्हणाला, "त्यात जीव घाबरते दादा." म्हटलं, घाबरू दे.